विकल्या गेलेल्या यंत्रांच्या वतीने



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. तुमच्यातले अनेकजण त्यांचे विद्यार्थी आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी वेगळं काही सांगत नाही. त्यांना आवडला असता असा विषय मात्र निवडला आहे. लिनक्स कर्नलमधले पिन कंट्रोल ड्रायव्हर आणि ते वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं. सभेत इतर क्षेत्रांतली मंडळीही आहेत, म्हणून सुरुवात थेट पिनेपासून करतो.

घरातला वाय-फाय राउटर किंवा सेट-टॉप बॉक्स उघडला तर बोर्डाच्या मध्यावर एक काळी चौकोनी चिप दिसते. तिच्या पोटात प्रोसेसर असतोच, पण तो एकटा नसतो. सिरियल पोर्ट, मेमरी कार्डाचा कंट्रोलर, डिस्प्ले, आवाज, कॅमेरा, सेन्सर जोडायच्या बस, असं पुष्कळ काही त्याच सिलिकॉनवर असतं, आणि प्रत्येकाला बाहेरच्या जगाकडे जाणारी वायर हवी असते. चिपच्या आत आणखी एक सिरियल पोर्ट बसवायला फारसा खर्च येत नाही. बाहेर आणखी एक पिन काढायला येतो. पिना वाढल्या की पॅकेज मोठं होतं, बोर्डाचे थर वाढतात, किंमत वाढते. म्हणून चिप बनवणारे आत भरपूर सोयी देतात, पिना मोजक्याच ठेवतात आणि एकेका पिनेवर अनेक कामांची सोय करतात. कोणतं काम निवडायचं ते एका रजिस्टरमधले काही बिट ठरवतात.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ मध्ये आला. त्यातल्या ब्रॉडकॉमच्या बीसीएम २८३५ चिपवर अशा ५४ पिना आहेत. प्रत्येक पिनेला तीन बिट, म्हणजे आठ पर्याय: इनपुट, आउटपुट आणि आणखी सहा कामं. बत्तीस बिटांच्या एका रजिस्टरमध्ये दहा पिना मावतात आणि दोन बिट रिकामे राहतात. अशी सहा रजिस्टरं. चौदाव्या क्रमांकाच्या पिनेवर ‘पर्याय ०’ निवडला तर मुख्य सिरियल पोर्टचा डेटा बाहेर जातो, ‘पर्याय ५’ निवडला तर दुसऱ्या, लहान सिरियल पोर्टचा. आता संकेत बघा. पर्याय ० म्हणजे १००, पर्याय ३ म्हणजे १११, पण पर्याय ४ म्हणजे ०११ आणि पर्याय ५ म्हणजे ०१०. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. ती चूक नाही, सिलिकॉनमध्ये तसंच आहे, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ते तसंच पाळावं लागतं.

काम निवडलं म्हणून पिनेचा विषय संपत नाही. इनपुट पिनेला काहीच जोडलेलं नसेल तर ती तरंगते, कधी शून्य वाचते कधी एक. तिला ठरावीक पातळीवर धरून ठेवायला आतमध्ये पुल-अप आणि पुल-डाउन रेझिस्टर असतात. बीसीएम २८३५ मध्ये ते लावायची रीत अशी: हवा तो पर्याय एका रजिस्टरमध्ये लिहा, १५० क्लॉक थांबा, दुसऱ्या रजिस्टरमध्ये त्या पिनेचा बिट लावा, पुन्हा १५० क्लॉक थांबा, मग दोन्ही मागे घ्या. शिवाय सध्या कोणता रेझिस्टर लागलेला आहे हे वाचून कळत नाही. लिहिता येतं, वाचता येत नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये बीसीएम २७११ आली आणि ही पद्धत गेली. प्रत्येक पिनेला दोन बिट मिळाले, लिहिलेलं वाचताही येऊ लागलं. कर्नलमधला ड्रायव्हर मात्र एकच आहे. त्याला दोन्ही रीती ठाऊक असाव्या लागतात, कारण २०१२ चं यंत्र आजही कुठेतरी चालू आहे.

या शेवटच्या वाक्यासाठीच मी इथे आलो आहे. पण त्याआधी थोडा इतिहास.

२०११ पर्यंत एआरएम प्रोसेसरांच्या प्रत्येक कुटुंबाने पिनांची व्यवस्था आपापल्या कोपऱ्यात, आपापल्या पद्धतीने केली होती. एकच प्रश्न डझनावारी वेगवेगळ्या प्रकारे सोडवलेला. प्रत्येक नवा बोर्ड आला की सी भाषेतली नवी फाइल. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लिनस टॉरवॉल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल अत्यंत कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली, आणि त्या नाराजीतून बरंच काही हललं. बोर्डाचं वर्णन कर्नलच्या कोडमधून बाहेर काढून डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवायचं, ही पॉवरपीसीच्या जगात रुळलेली पद्धत एआरएमकडेही आली. आणि पिनांसाठी स्वीडनचे लिनस वालेइ यांनी एक सामाईक चौकट उभी केली. ते तेव्हा एसटी-एरिक्सनमध्ये होते आणि लिनारो या संस्थेसाठी काम करत होते. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीत ही पिन कंट्रोल चौकट कर्नलमध्ये दाखल झाली.

तिचं काम समजायला मंगल कार्यालयाची नोंदवही डोळ्यांपुढे आणा. सभागृह एकच, पण लग्न, मुंज, बारसं, सभा, काहीही होऊ शकतं. मालकाजवळ एकच वही असते आणि त्या वहीत नोंद असल्याशिवाय कुणाला किल्ली मिळत नाही. चौकट हेच करते. चिपवर किती पिना आहेत, कोणत्या पिना मिळून एक गट होतो, कोणतं काम कोणत्या गटांवर चालतं, हे ड्रायव्हर तिला सांगतो. कोणत्या उपकरणाला काय हवं हे डिव्हाइस ट्री सांगतं. दोन उपकरणांनी एकच पिन मागितली तर दुसऱ्याला नकार मिळतो. नेहमीची अवस्था वेगळी, झोपेतली वेगळी, अशा एकाच उपकरणाच्या अनेक अवस्थाही नोंदवता येतात. पुढे २०१३ मध्ये ३.९ आवृत्तीपासून नेहमीची अवस्था कर्नलचा गाभाच उपकरण सुरू होण्याआधी लावू लागला, आणि शेकडो ड्रायव्हरांमधला तोच-तोच मजकूर लिहिण्याची गरज संपली.

चौकट एक झाली, तरी कुटुंबं अनेकच राहिली. रेनेसास, सॅमसंग, क्वालकॉम, इंटेल, रॉकचिप, ऑलविनर, मीडियाटेक, एनएक्सपी, प्रत्येकाची रजिस्टरं वेगळी, सवयी वेगळ्या. त्यामुळे कामाची विभागणीही कुटुंबवार झाली. एकेका कुटुंबाचा मेंटेनर येणारे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, तपासतो, आपल्या शाखेत जमवतो, वालेइ यांच्याकडे पाठवतो, आणि तिथून ते टॉरवॉल्ड्स यांच्याकडे जातात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. पहिले दोन आठवडे नवं घ्यायचे, उरलेले फक्त दुरुस्तीचे. ही लय सणावाराला थांबत नाही.

आता या मेंटेनरच्या टेबलाजवळ थोडं थांबू. त्याच्यासमोर कोण असतं? पॅच पाठवणारा इंजिनिअर. त्याची चिप नवी आहे, बोर्ड पुढच्या तिमाहीत बाजारात जायचा आहे, वरिष्ठ रोज विचारत आहेत. तो प्रामाणिक आहे आणि त्याची घाई खरी आहे. पण समोर नसलेलेही काही पक्ष असतात. तीन वर्षांपूर्वी विकला गेलेला बोर्ड, ज्याच्या फ्लॅश मेमरीत डिव्हाइस ट्री कायमचं लिहून टाकलेलं आहे. पाच वर्षांनी कर्नल अद्ययावत करणारा कुणी, ज्याला त्या चिपची माहितीपुस्तिका कधीच मिळणार नाही. हे लोक पत्र लिहीत नाहीत. त्यांच्या वतीने बोलणं हे मेंटेनरचं मुख्य काम आहे असं मी मानतो. कोड नीटनेटका ठेवणं, शैली तपासणं हे त्यानंतर येतं.

म्हणूनच परीक्षणात नावांवरून इतकी चर्चा होते. बाहेरच्या माणसाला ती किस पाडणारी वाटते. क्वालकॉमच्या पिनेची विद्युतप्रवाह पुरवण्याची ताकद २ ते १६ मिलिअँपिअर असते, दोन-दोनच्या पायऱ्यांनी. रजिस्टरमध्ये तीच ० ते ७ या आकड्यांनी लिहिली जाते. बोर्डाच्या वर्णनात काय लिहायचं, ७ की १६? ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ७ सोपं. पण पुढच्या चिपमध्ये रजिस्टरची मांडणी बदलली की ७ चा अर्थ बदलतो. १६ मिलिअँपिअर मात्र १६ मिलिअँपिअरच राहतात. म्हणून वर्णनात भौतिक राशी लिहायची आणि रजिस्टरचा आकडा ड्रायव्हरने आपल्या पोटात ठेवायचा, असा दंडक आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये एकदा छापून बाहेर गेलेलं नाव किंवा आकडा परत बोलावता येत नाही. जुन्या वर्णनावर नवा कर्नल चाललाच पाहिजे, असा त्या वर्णनाशी झालेला करार आहे.

तो करार पाळताना काय सोसावं लागतं, याचं ऑलविनर कुटुंबाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. स्वस्त टॅब्लेट आणि छोट्या संगणकांत या चिप भरपूर वापरल्या गेल्या. पिन कंट्रोल चौकटीत ‘स्ट्रिक्ट’ नावाची एक खूण आहे. ती लावली की एखाद्या उपकरणाने घेतलेली पिन त्याच वेळी साधी इनपुट-आउटपुट पिन म्हणून दुसऱ्या कुणाला मिळत नाही. नियम अगदी योग्य आहे. विद्यार्थ्याला विचारलं तर तोही म्हणेल, हे आधीच का नव्हतं? काही वर्षांपूर्वी ऑलविनरच्या ड्रायव्हरमध्ये ही खूण सरसकट लावायचं ठरलं. पण जुन्या बोर्डांची वर्णनं वेगळ्या समजुतीने लिहिलेली होती. त्यांत साध्या इनपुट-आउटपुट पिनांसाठीही वेगळा गट मांडलेला असे, म्हणजे एकच पिन दोन वाटांनी मागितली जात असे. नवा नियम त्यांना अडवणार होता. काही पिनांची जोडणी तर अशी होती की नव्या पद्धतीकडे जायला सरळ वाटच नव्हती. शेवटी निर्णय झाला: नव्या चिपांना कडक नियम, जुन्या चिपांना सूट. कोडमध्ये एक खूण वाढली, एकसारखेपणा थोडा कमी झाला, आणि जुने बोर्ड चालू राहावेत याची सोय झाली.

या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. शुद्ध नियम हाताशी होता, तांत्रिकदृष्ट्या तोच बरोबर होता, आणि तरीही जुन्या यंत्रांसाठी त्याला मुरड घातली गेली. आपल्याकडे प्रकल्पाच्या बैठकीत नव्याचं कौतुक करणारे खूप भेटतात. आधी विकलेल्या वस्तूंचं काय होईल, हा प्रश्न विचारणारा एक माणूस त्या खोलीत असला पाहिजे.

इंटेलच्या बाजूलाही असंच घडलं. चेरीव्ह्यू या कमी विजेच्या प्रोसेसरांचा पिन कंट्रोल ड्रायव्हर सुधारताना इंटरप्टचे, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या हाकेचे, क्रमांक वाटण्याची पद्धत बदलली. कर्नलचे हे अंतर्गत क्रमांक, त्यांच्यावर बाहेरच्या कुणी विसंबू नये अशी अपेक्षा. पण एका क्रोमबुकच्या फर्मवेअरमध्ये कीबोर्डचा इंटरप्ट म्हणून नेमका तसलाच एक आकडा कायमचा लिहून टाकलेला निघाला. क्रमांक बदलले आणि कीबोर्ड मुका झाला. फर्मवेअर चुकलं आहे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं आणि ते खरंही होतं. २०१७ मध्ये ड्रायव्हरमध्ये त्या यंत्राला ओळखून त्याच्यापुरते जुने क्रमांक ठेवणारी तरतूद केली गेली. चूक कुणाचीही असो, ज्याने लॅपटॉप विकत घेतला त्याचा कीबोर्ड चालला पाहिजे, असा या समाजाचा रिवाज आहे.

रेनेसासबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण मेहनतीचा खरा आकार तिथे दिसतो. हिताची आणि मित्सुबिशी इलेक्ट्रिक यांच्या सेमीकंडक्टर विभागांतून २००३ मध्ये ही कंपनी उभी राहिली. हिताचीच्या सुपरएच प्रोसेसरांसाठी लिहिलेला पिनांचा कोड पुढे त्यांच्या एआरएम चिपांसाठी वाढत गेला. कित्येक वर्षं त्या फोल्डरचं नाव सुपरएचवरूनच होतं. आर-कार ही त्यांची मोटारींसाठीची मालिका. गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा, कॅमेरे, नेटवर्क, सगळं एका चिपवर. एकेका पिनेला अनेक कामं, आणि काही कामं वेगवेगळ्या पिनांच्या गटांवर नेता येतात, त्यासाठी आणखी निवड-रजिस्टरं. शिवाय राखणही आहे: पिनेच्या रजिस्टरमध्ये काही लिहायचं असेल तर आधी त्याच आकड्याचा प्रत्येक बिट उलटा करून एका पहारेकरी रजिस्टरमध्ये लिहावा लागतो, तेव्हाच पुढचं लेखन चिप मान्य करते. भरकटलेल्या प्रोग्रॅमने चुकून पिना बदलू नयेत म्हणून.

हे सगळं ड्रायव्हरमध्ये तक्त्यांच्या रूपात उतरतं. एका चिपची फाइल हजारो ओळींची होते आणि त्यातला मोठा भाग म्हणजे माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यांची नक्कल. अशा नकलेत एक ओळ वरखाली झाली तर कंपायलर काही बोलत नाही. बोर्ड सुरू होतो, चाचण्याही पार पडतात. दोन वर्षांनी कुणी ती विशिष्ट पिन वापरायला जातो आणि आवाज येत नाही, किंवा कार्ड वाचलं जात नाही. दोष कुठे शोधायचा? वायरमध्ये शोधतात, सोल्डरमध्ये शोधतात. सर्वांत शेवटी तक्त्याकडे बघतात.

या कुटुंबाचे मेंटेनर बेल्जियमचे गेर्ट ऑइटरहूवन यांनी यावर काढलेला उपाय शिकण्यासारखा आहे. तक्ते तपासणारा कोड त्यांनी ड्रायव्हरमध्येच घातला. रजिस्टरमधल्या सगळ्या भागांच्या रुंदीची बेरीज रजिस्टरइतकी भरते का, एकच नोंद दोनदा आली आहे का, गटात लिहिलेली पिन मुळात अस्तित्वात आहे का, हे तो कोड विकास करताना तपासून सांगतो. प्रत्यक्ष चिप समोर नसली तरी चालतं. माणसाच्या डोळ्याने हजारो ओळी दर वेळी वाचणं शक्य नाही हे ओळखून त्या वाचण्याचा जो भाग यंत्राला देता येतो तो त्यांनी यंत्राला दिला. अशा कामाची बातमी होत नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक चिपला त्याचा उपयोग झाला.

याच कुटुंबातलं आणखी एक प्रकरण. आर-कार एच३ ची पहिली सिलिकॉन आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांच्यात पिनांची मांडणी बदलली, म्हणून दोन वेगळ्या फाइली ठेवाव्या लागल्या. पहिली आवृत्ती विकास करणाऱ्या अंतर्गत गटापुरतीच होती, ग्राहकांच्या हातात गेली नव्हती. ही खातरजमा झाल्यावर २०२३ मध्ये ती फाइल काढून टाकली गेली. काढून टाकणं हाही देखभालीचाच भाग आहे, आणि त्यातही प्रश्न तोच: हे यंत्र कुणाकडे चालू आहे का? २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून आठ प्रोसेसर आर्किटेक्चर गेली, त्यांत ब्लॅकफिन होतं, आणि त्याच्याबरोबर त्याचा पिन ड्रायव्हरही गेला. २०२१ च्या ५.१२ मध्ये यू३०० आणि प्राइमा२ हे प्लॅटफॉर्म गेले. ज्या दोन चिपांसाठी २०११ मध्ये या चौकटीतले पहिले ड्रायव्हर लिहिले गेले होते, त्या याच. चौकट ज्यांच्यासाठी उभारली ते गेले, आणि तिच्यावर नंतर आलेली कुटुंबं नांदत आहेत.

आता पैशाचा प्रश्न. हे सगळं कोण करतं आणि कुणाच्या खर्चाने? बरेच मेंटेनर चिप कंपन्यांच्या किंवा त्यांच्या सल्लागारांच्या पगारावर आहेत. पण कंपनीचा रस चिप विकली जाते तोवर, आणि यंत्राचं आयुष्य त्याहून फार मोठं. वीजकेंद्र, रेल्वे, कारखान्यातली नियंत्रणयंत्रं दहा-वीस वर्षं चालतात. दुसरीकडे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नल आवृत्त्यांची मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणायचं २०२३ मध्ये जाहीर झालं, कारण ते ओझं वाहणारे हात थोडे. ही दरी भरायला लिनक्स फाउंडेशनखाली २०१६ मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प सुरू झाला. सीमेन्स, तोशिबा, हिताची, रेनेसास अशा कंपन्या त्यात एकत्र येऊन निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षं सांभाळतात. ज्यांची यंत्रं दीर्घायुषी त्यांनी देखभालीचा खर्च वाटून घ्यावा, ही मांडणी मला न्याय्य वाटते.

पुण्याच्या परिसरात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारे तरुण खूप आहेत. त्यांच्यातले काही आज इथे बसले आहेत. तुमच्यातल्या पुष्कळांनी पिनांच्या तक्त्यातली चूक शोधून काढलेली असते. ती दुरुस्ती कंपनीच्या खासगी कोडमध्ये जाते, प्रकल्प संपतो, पुढचा गट मूळ कर्नल घेतो आणि तीच चूक पुन्हा शोधतो. मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवायला वेळ लागतो, परीक्षणाचे प्रश्न झेलावे लागतात, वरिष्ठांना ते पटवावं लागतं. तरी पटवा. तुम्ही एकदा लिहिलेलं ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही अशांच्या बोर्डावर चालत राहील.

विद्यार्थ्यांना एक सांगतो. कुठलाही रास्पबेरी पाय घ्या. डीबग-एफएसमध्ये पिनकंट्रोलच्या फोल्डरात ‘पिनमक्स-पिन्स’ नावाची फाइल आहे, ती उघडा. कोणती पिन कुणी घेतली आहे आणि कोणत्या कामासाठी, हे ओळीओळीने दिसेल. बोर्डाचा स्कीमॅटिक शेजारी ठेवून पिनेमागून पिन ताडून बघा. मग त्याच चिपच्या डिव्हाइस ट्री वर्णनाचे नियम वाचा. असे नियम आता बहुतेक ठिकाणी तपासता येतील अशा ठरावीक रचनेत लिहिलेले असतात. नंतर कर्नलच्या मुळाशी असलेली ‘मेंटेनर्स’ ही फाइल उघडा आणि पिन कंट्रोलर शोधा. प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीत स्थिती दिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे कुणाला तरी त्यासाठी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण त्याला अधूनमधून एखादी दुरुस्ती घेण्याइतकाच वेळ आहे. ‘ऑर्फन’ म्हणजे कुणीच नाही. तुमच्या बोर्डाचं कुटुंब शेवटच्या दोहोंपैकी एकात असेल, तर पहिला पॅच तिथे पाठवा.